नाडीला ओवलेले हातमोजे

ऑगस्ट 1986 मध्ये आम्ही रत्नागिरीहून कॅनडातल्या विनिपेगला आलो, तेव्हा मी आठ वर्षांची होते, धाकटा भाऊ चार वर्षांचा होता आणि आमच्या सामानात लोकरीचा म्हणावा असा एकच कपडा होता, तो म्हणजे वडिलांनी लग्नाआधी मुंबईत घेतलेला बिनबाह्यांचा स्वेटर. रत्नागिरीतली थंडी म्हणजे पौषातली पहाट, अंगणात पेटवलेला पालापाचोळा आणि आजीने अंगाभोवती लपेटून घेतलेले जुने लुगडे; ऊन परसात उतरले की ती थंडी संपत असे. शाळेला जाण्यासाठी कपडे घालणे या कामाला स्वतंत्र वेळ, स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र शास्त्र लागते, याची आमच्यापैकी कोणालाही कल्पना नव्हती. आईने ते शास्त्र एका हिवाळ्यात शिकून घेतले, आणि ती ते कसे शिकली हे मी रोज सकाळी दारापाशी तिच्यासमोर उभी राहून पाहिले.

सप्टेंबरच्या अखेरीस वडिलांच्या कचेरीतल्या लोकांनी आता उशीर करू नका असे बजावले, म्हणून आम्ही पोर्टेज अव्हेन्यूवरच्या ईटन्सच्या दुकानात गेलो. लाल विटांची ती भव्य इमारत आता राहिलेली नाही. दुकान 1999 साली बंद झाले आणि 2004 पासून त्या जागेवर हॉकीचे बंदिस्त क्रीडागार उभे आहे. आत ईटन्सचे संस्थापक टिमथी ईटन यांचा खुर्चीत बसलेला मोठा पुतळा होता, आणि येणारेजाणारे त्याच्या डाव्या बुटाचा चवडा शुभ म्हणून हाताने घासत असल्यामुळे तेवढाच भाग सोन्यासारखा झळकत होता. आईने आम्हा दोघा भावंडांना तिथे वाकून नमस्कार करायला लावला. मग खरेदी झाली: गुडघ्यांपर्यंत येणारा, टोपीच्या कडेला केसाळ झालर असलेला पार्का, म्हणजे जाड कोट, खांद्यांवरून पट्टे येणारी जाड अस्तराची स्नोपँट, कानांवरून ओढून घ्यायची टूक, म्हणजे आपली कानटोपीच, आणि त्या काळी किचनर गावी बनणारे सोरेलचे बूट, ज्यांचा तळ रबराचा असतो आणि आत बोटभर जाडीच्या नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, वेगळा काढता येणारा मोजा असतो. सगळे एका मापाने मोठे घेतले, कारण ते दोन हिवाळे पुरवायचे होते. घरी आल्यावर आईने ते कपडे पलंगावर पसरून ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसली. नऊवारीपासून पोलक्याच्या गुंड्यांपर्यंत कुठलेही वस्त्र तिला हाताळता येत होते, पण या कपड्यांना सुरुवात कुठून करायची हेच कळत नव्हते.

दिवाळी होऊन आठवडा झाला नसेल तोच, 7 नोव्हेंबरच्या शुक्रवारी संध्याकाळी वादळ सुरू झाले. विनिपेगमध्ये त्या काळी लहान असलेल्या कोणालाही 1986 चे नोव्हेंबर विचारा, तो लगेच तुम्हाला ते वादळ सांगू लागेल. शनिवारभर वाऱ्याने पिसाटल्यासारखे बर्फ उडवले आणि सुमारे 35 सेंटिमीटर हिम पडले. वाऱ्याने ते जिथे लोटून रचले होते तिथे माझ्या कमरेच्याही वर येत होते. आम्ही खिडकीच्या काचेला नाक लावून बसलो होतो. वडील म्हणाले, की आपल्याकडे पहिला पाऊस येतो तसा हा पहिला बर्फ आला. आई म्हणाली, "पण पावसात पोरं भिजली तर पुसता येतात."

वादळानंतर शाळा सुरू झाली त्या सकाळी आईने मला सजवायला घेतले, आणि तिने त्यात एकही गोष्ट उणी ठेवली नाही. आत तीन सुती बनियन, त्यावर दोन फ्रॉक, त्यावर पार्का, मग हातमोजे. आता स्नोपँट चढवायची, तर तिचे पट्टे पार्काच्या आतून खांद्यांवर जायला हवेत, म्हणून पार्का काढावा लागला, आणि पार्का निघेना म्हणून आधी हातमोजे काढावे लागले. पायांत वडिलांचे दोन जाड मोजे कोंबले होते, त्यामुळे एका मापाने मोठे घेतलेले बूटही घट्ट झाले. मी घामाने निथळत होते, भाऊ रडत होता, आणि सगळे होऊन दार उघडणार तोच त्याला शू लागली. त्या दिवशी शाळेत पोचायला आम्हाला पाऊण तास उशीर झाला. मधल्या सुट्टीत मी इतर मुलांबरोबर बर्फात धावले, पुन्हा घाम आला, आणि ते तीन सुती बनियन ओले होऊन पाठीला असे चिकटले, की वर्गात परतल्यावरही तासभर माझे दात वाजत होते. पायांची बोटे तर मला जाणवतही नव्हती.

आमच्या शेजारच्या घरात एक युक्रेनियन आजीबाई राहत होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युक्रेनियन शेतकरी कुटुंबे मॅनिटोबात, म्हणजे विनिपेग ज्या प्रांतात आहे तिथे, येऊन वसली आणि विनिपेगच्या उत्तर भागात त्यांची मोठी वस्ती झाली. त्यांची चर्चे, त्यांची दुकाने, त्यांचे उकडलेले पिरोगी हे सगळे त्या शहराचेच होऊन गेले आहे. त्या आजीबाईंना त्यांची नातवंडे 'बाबा' म्हणून हाक मारीत, कारण युक्रेनियन कुटुंबांत आजीला बाबा म्हणतात, आणि आम्हा भावंडांना या गोष्टीचे इतके नवल वाटले, की आम्हीही त्यांना बाबाच म्हणू लागलो. त्या सकाळची आमची फजिती त्यांनी खिडकीतून पाहिली असावी. संध्याकाळी त्या हातात लोकरीचा गुंडा आणि दोन सुया घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांना इंग्रजी बेताचेच येत होते आणि आईचे इंग्रजी शाळेतल्या पुस्तकातून बाहेर यायचे होते, त्यामुळे दोघींचे सारे बोलणे हातांनी झाले. त्यांनी मला मध्ये उभे केले आणि बाहुलीला कपडे घालून दाखवावेत तसे एकेक करून घालून दाखवले.

सगळे मर्म क्रमात होते. सर्वांत आत अंगाला लागून पातळ लोकरीचा सदरा आणि लांब विजार, सुती काहीही नाही, कारण सुती कापड घाम पिऊन ओले राहते आणि अंगातली उष्णता ओढून घेते, तर लोकर ओलसर झाली तरी पुष्कळशी ऊब धरून ठेवते. पायांत मोज्यांचा एकच जोड आणि बूट सैल, बोटे आत हलवता येतील इतके. कारण ऊब कापडापेक्षा त्यात अडकलेल्या हवेची असते, आणि घट्ट बुटात हवाही राहत नाही आणि रक्तही नीट फिरत नाही. मोज्यावर पावाची रिकामी प्लॅस्टिकची पिशवी, म्हणजे पाय बुटात सहज सरकतो आणि बर्फ आत गेले तरी मोजा कोरडा राहतो. मग स्नोपँट, मग बूट, आणि पँटची आतली लवचीक कड बुटाच्या वरून खाली ओढून घ्यायची. मग पार्का, मग टूक, मग गलपट्टा, मग पार्काची टोपी. हातमोजे सर्वांत शेवटी, कारण ते घातल्यावर मूल स्वतःसाठी काहीच करू शकत नाही. आणि तेही पाच बोटांचे नकोत, मिट्स हवेत, ज्यांत चार बोटे एकत्र राहून एकमेकांना ऊब देतात. बाबांनी हे सांगताना आपली चार बोटे जुळवली आणि त्यांना दुसऱ्या हाताने कुरवाळले. आई हसली. तिला समजले होते.

त्या रात्री तिने एका पाठकोऱ्या कागदावर हा क्रम मराठीत लिहिला आणि दाराच्या आतल्या बाजूला, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, चिकटवला. पहिला शब्द 'शू' हा होता. भावाला वाचता येत नव्हते म्हणून प्रत्येक शब्दापुढे तिने पेन्सिलीने चित्र काढले होते. पावाच्या पिशवीचे चित्र पाहून तो रोज तिथे पाव मागत असे. तो कागद तीन हिवाळे त्या दारावर होता, आणि माझ्या मते आमच्या घरात त्या देशात लिहिली गेलेली ती पहिली मराठी पाटी होती.

डिसेंबर आला तशी सकाळ हरवली. वर्षाच्या अखेरीस विनिपेगमध्ये सूर्य सव्वाआठ वाजून गेल्यावर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आमची तयारी स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या उजेडात चालत असे. रेडिओ लावलेला असे. त्या काळी तिकडच्या सपाट प्रदेशात वाऱ्यामुळे वाढणाऱ्या गारठ्याचा आकडा तापमानात सांगत नसत. उघड्या त्वचेतून दर चौरस मीटरला किती वॉट उष्णता निघून जाते, त्याचा तो आकडा असे. तापमानासारखा दिसणारा आकडा 2001 पासून आला. म्हणून आमच्या लहानपणी सकाळी "आज सोळाशे" किंवा "आज अठराशे" असे कानावर पडे, आणि आई त्या आकड्यांवरून कपडे ठरवी. सोळाशेला गलपट्टा एकेरी, अठराशेला दुहेरी, आणि दोन हजार म्हटले की ती चहाचे पातेले खाली ठेवून स्वतः आमच्याबरोबर शाळेपर्यंत येत असे, पाचवारी साडीचा घोळ वडिलांच्या जुन्या विजारीत खोचून, वर त्यांचाच पार्का घालून.

गलपट्ट्याच्या बाबतीत तिने आधी आपल्या पद्धतीने केले. आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याची पट्टी दुमडून तिने माझ्या नाकातोंडावर बांधली, कारण तिच्या मते त्याहून मऊ वस्त्र जगात नव्हते. शाळेत पोचेपर्यंत माझ्या श्वासाच्या वाफेने ती पट्टी ओली झाली होती, आणि पोचल्यावर पाहिले तर उन्हात वाळलेल्या पापडासारखी कडक होऊन तिच्यावर माझ्या तोंडाचा ठसा उमटला होता. मी ती पट्टी तशीच घरी आणली. आईने ती न बोलता वाळत घातली आणि दुसऱ्या दिवसापासून बाबांनी विणून दिलेला लोकरीचा गलपट्टा आला, ज्याची गाठ नेहमी मानेच्या मागे बसे, म्हणजे ती मला सुटता सुटू नये. लुगड्याची पट्टी मात्र पुढे माझ्या उशीखाली राहिली.

मिट्सची गोष्ट मला सविस्तर सांगितली पाहिजे, कारण अजूनही हिवाळा म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे आधी तीच येते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेतून परतताना माझी उजव्या हाताची मिट कुठेतरी पडली. मी हात बाहीत ओढून घेतला, पण दप्तर धरायला तो पुन्हा पुन्हा बाहेर येत होता, आणि दहा मिनिटांच्या वाटेवर दोन बोटांची टोके मेणासारखी पांढरी झाली. आईने दार उघडले, माझा हात पाहिला आणि तिचा चेहरा त्या बोटांइतकाच पांढरा झाला. तिने ती बोटे चोळली नाहीत. बाबांनी तिला सांगून ठेवले होते, की गारठलेले अंग कधी चोळायचे नाही आणि शेगडीवर तर कधीच धरायचे नाही. तिने माझा हात आपल्या पोलक्याच्या आत, काखेत धरून ठेवला आणि आम्ही दोघी दारापाशीच, मी बूटसुद्धा न काढता, जमिनीवर बसून राहिलो. बोटांत रक्त परत येताना असंख्य मुंग्या चावल्यासारखे होते आणि मी मोठ्याने रडत होते. आई काही बोलत नव्हती. तिचे हृदय मला हातावर लागत होते.

रात्री जेवणे झाल्यावर तिने वडिलांच्या पायजम्यातली नाडी ओढून काढली. पांढऱ्या सुती विणीची, टोकांना गाठी असलेली, रत्नागिरीच्या बाजारात मिळते ती साधी नाडी. एकीची लांबी पुरली नाही म्हणून तिने दुसऱ्या पायजम्याचीही काढली आणि दोन्हींची टोके एकमेकांवर ठेवून आडव्या टाक्यांनी शिवली. मग मला हात पसरून उभे राहायला सांगितले आणि एका हाताच्या मनगटापासून पाठीवरून दुसऱ्या हाताच्या मनगटापर्यंत ती नाडी धरून मापली. टोकाला सेफ्टीपिन अडकवून तिने ती पार्काच्या एका बाहीतून आत सारली. पायजम्याच्या नेफ्यातून नाडी ओवताना पुढे सरकणारी पिन जशी बाहेरून बोटांनी चिमटीत धरून, कापड मागे सारत, पुन्हा पुढे ढकलावी लागते, तशीच ती जाड बाहीतून, पाठीच्या अस्तराशेजारून, दुसऱ्या बाहीच्या तोंडाशी आणली. दोन्ही टोकांना एकेक मिट टाचली. मी पार्का चढवला आणि दोन्ही मिट्स माझ्या बाह्यांच्या तोंडाशी झोपाळ्यासारख्या लोंबू लागल्या. वडील पायजमा हातात धरून उभे होते. त्यांनी तो कमरेला सुतळीने बांधला आणि पुढचे दोन आठवडे तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत कळले, की तिकडची पुष्कळ मुले आपल्या मिट्स अशाच बांधतात, फक्त त्यांच्याकडे लोकरीची विणलेली दोरी असते. आईला हे कोणी शिकवले नव्हते. तिने ते नाडीवरून ओळखले होते, आणि याचा मला त्या वयातही अभिमान वाटला होता.

शाळेतला कपडे टांगायचा बोळ म्हणजे वेगळीच दुनिया होती. पंचवीस मुलांचे पार्का, पन्नास बूट, ओल्या लोकरीचा आणि गरम रबराचा वास, आणि मध्ये गुडघ्यांवर बसलेल्या बाई, ज्या एकाची चेन ओढून देत, दुसऱ्याच्या बुटाचा नमदा सरळ करीत, तिसऱ्याची अदलाबदल झालेली टूक शोधत. सकाळी एकदा, मधल्या सुट्टीत दोनदा, जेवणाच्या वेळी दोनदा आणि घरी जाताना एकदा, असे दिवसातून सहा वेळा हे काढणे-घालणे होत असे. माझे इंग्रजी त्या बोळातच सुधारले. चेन, पट्टा, डावा, उजवा, आत, बाहेर, उलटा, सुलटा, मला मदत कर, हे तुझे आहे का, हे सगळे मी तिथे शिकले. घरी आल्यावर बुटांतले नमदे काढून जमिनीतल्या गरम हवेच्या झरोक्यावर उभे करायचे, हे माझे काम असे. ते विसरले तर दुसऱ्या दिवशी पाय दमट बुटात घालावा लागे आणि गारठा तळव्यातून वर चढे.

डिसेंबरच्या अखेरीस आजीचे पार्सल आले. त्यात संक्रांतीचा हलवा होता, काळा खण होता आणि कोकमाच्या तेलाचे अंड्याएवढे तीन गोळे होते, जे आजीने स्वतः कोकमाच्या बिया कुटून, उकळून काढले होते. त्या कोरड्या थंडीत आमचे गाल उलले होते आणि ओठ फुटून रक्त येत होते. खोबरेल तेल तर बाटलीत दगडासारखे थिजून बसलेले असे. मग दारावरच्या कागदात आईने 'गलपट्टा'च्या आधी एक शब्द वाढवला, 'कोकम'. ती गोळ्याचा कपचा तव्याच्या कडेला धरी, तो वितळला की बोटावर घेऊन आमच्या गालांवर, नाकाच्या शेंड्यावर आणि ओठांवर लावी. त्या मंद वासासाठी मी डोळे मिटून उभी राहत असे. बाहेर पाऊल टाकले की नाकातले केस गोठत, पापण्यांवर दहिवर जमे, पायांखालचे बर्फ करकरे, पण गालांवर कोकणातले तेल असे.

खणाचे तिने परकर-पोलके शिवले, सगळे हातशिलाईने. संक्रांतीला काळे घालायचे, कारण काळा रंग उन्हाची ऊब धरतो, हे तिने मला रत्नागिरीतही सांगितले होते; तिथे ते नुसते ऐकले होते, विनिपेगमध्ये मात्र उगवत्या उन्हात काळ्या बाहीवर हात ठेवून मी ते पडताळून पाहिले. 14 जानेवारी 1987 ला बुधवार होता आणि शाळा होती. परकर घालूनच शाळेला जायचे असा माझा हट्ट होता. आईने परकराचा घेर माझ्या पायांभोवती गुंडाळून, मधून काष्टा काढल्यासारखा मागे घेऊन, तो स्नोपँटमध्ये बसवला; नऊवारीचे सारे ज्ञान तिथे कामाला आले. बोळात बाईंनी माझी पँट खाली ओढली, तसा तो काळा खण चुण्यांसकट भसकन बाहेर आला, आणि त्याच्या जरीच्या काठाला बोट लावून बघायला अख्खा वर्ग जमला. खिशातला तिळगूळ इतका कडक झाला होता, की तो तोंडात धरून मऊ होण्याची वाट पाहावी लागली. संध्याकाळी बाबांनाही दिला. त्यांना गोड बोला म्हणजे काय ते समजावून सांगायला आईला अर्धा तास लागला, आणि मग त्यांनी तिच्या ओटीत लोकरीचे दोन गुंडे टाकले.

हिवाळा सरत आला तसे बर्फ उतरू लागले. हा काळ कपड्यांना सर्वांत वाईट, कारण कोरडे बर्फ झटकले की पडते, वितळते बर्फ मात्र सगळ्यात मुरते. मे महिन्यातल्या एका रविवारी आईने पार्का धुतले, नमदे उन्हात ठेवले, लोकरीचे कपडे डांबराच्या गोळ्या घालून आम्ही रत्नागिरीहून आणलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत रचले. नाडी धुण्यासाठी तिने बाहीतून ओढून काढली होती. ट्रंक बंद करण्यापूर्वी तिने मला बोलावले आणि हात पसरून उभे राहायला सांगितले. डाव्या मनगटापासून पाठीवरून उजव्या मनगटाकडे तिने ती नाडी धरली, आणि ती पोचली नाही. तिने उरलेल्या जागेवर आपली बोटे आडवी टेकवून मोजले.

"चार बोटं," ती म्हणाली, आणि वडिलांच्या तिसऱ्या पायजम्याकडे गेली.